साहेबांसमोर खोकायचं नसतं

बडोद्याहून मकरपुऱ्याकडे जाताना वस्ती संपून शेतं लागतात, तिथे शिलेदारांची एक ओळ होती. जुन्या पागेतल्या घोडेस्वारांना सरकारातून मिळालेली एकसारखी कौलारू घरं. मिरवावं असं त्या घरांत फारसं काही नव्हतं. भिंती मातीच्या, माळे बुटके, तलवारी गंजलेल्या. पण ओटे सगळे पश्चिमेला तोंड करून होते आणि संध्याकाळचा वारा त्यांच्यावर असा येई की दांडिया बाजारातले पाव्हणे मुद्दाम हवा खायला येत. सुभानराव पांढरे त्यांना पाट देऊन म्हणत, "महाराजांचा पंखा माणसं ओढतात. आमचा पंखा देव ओढतो."

ही देवाची कृपा बरीच वर्षं जमेच्या बाजूला राहिली. मग शहरात नळ आले. नळांमागून गटारं आली. गटारांचं पाणी कुठे तरी जायला हवं, म्हणून ते ओळीच्या पश्चिमेच्या माळावर आलं. तिथे सरकारी हौद बांधले गेले. हौदात मैला तळाशी बसे आणि वरचं पाणी खडीच्या एका मोठ्या गोल पारावर जाई. पारावर लोखंडी हात गरगर फिरत आणि ते पाणी शिंपडत. खडीतून गाळलेलं पाणी पुढे शेतांना मिळे आणि त्या शेतांत माणसाच्या डोक्याएवढे कोबी येत. परगावचे इंजिनीअर ते पाहायला येत आणि विलायतेत असंच असतं म्हणून माना डोलावत. ओळीतल्या लोकांनी त्या यंत्राला नाव ठेवलं, मैल्याची चक्री.

नाव ठेवून सगळे गप्प बसले. एक तर सरकारचं काम. दुसरं, आमच्या दारात घाण येते असा बोभाटा आपणच केला, तर आपल्या मुलींना स्थळं कोणत्या वाटेनं येणार? लोकांनी वास सोसला, आणि काही दिवसांनी वास येईनासा झाला, कारण नाकं मेली. छाती मात्र नाकाइतकी समंजस नसते. चक्रीचे तुषार संध्याकाळी वाऱ्यावर बसून येत आणि ओट्यांवर उतरत. दोरीवरच्या धोतरांवर बारीक ठिपके पडत. शेजारच्या धनाजीरावांना कोरडी ढास लागली. त्यांच्या आई येसूबाईंना ओली लागली. ओट्यावर बसून गप्पा मारणं हे त्या ओळीचं मुख्य काम होतं. आता निम्म्या गप्पा आणि निम्मा खोकला, असा हिशेब झाला.

सर्वांत वाईट झालं ते सुभानरावांच्या रखमाबाईंचं. त्यांना धाप लागे. पश्चिमेचा वारा पडला की सुधारत, सुटला की छातीत शिट्ट्या वाजू लागत. भाऊबीजेला त्या दांडिया बाजारात भावाकडे, श्रीपतरावांकडे गेल्या आणि चार दिवसांत जिने चढू-उतरू लागल्या. परत आल्या, आणि दिवे लागायच्या आत खांबाला टेकून बसल्या.

सुभानरावांनी यातून जो अर्थ काढला तो कोणत्याही नवऱ्यानं काढला असता. "माहेरची ओढ, दुसरं काय!"

"माझे केस पिकले आता," रखमाबाई धापा टाकत म्हणाल्या. "भावजय तिसऱ्या दिवशी चहात साखर कमी घालते. तिची ओढ लागेल मला?"

सुभानराव हसले खरे. पण एका पहाटे ते उठले तेव्हा रखमाबाई चुलीपुढे दोन्ही हात जमिनीला टेकून बसल्या होत्या. लोहाराचा भाता फाटल्यावर वाजतो तसा आवाज त्यांच्या छातीतून येत होता. तवा तापून लाल झाला होता आणि पीठ परातीत तसंच पडलं होतं. सुभानरावांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तिला तो धरता येईना, म्हणून तोंडाशी धरला. ते पाणी पिऊन झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "भाकऱ्या राहिल्या हो."

त्या दिवशी सुभानराव तडक दांडिया बाजारात गेले आणि मेहुण्याकडून अर्ज लिहवून घेतला. वारा ओळीकडे असेल तेव्हा चक्री बंद ठेवावी, किंवा ओळीला दुसरीकडे जागा द्यावी. तुषारांमुळे माणसांच्या छात्या बिघडल्या आहेत. अर्जाखाली साऱ्या ओळीच्या सह्या आणि अंगठे झाले. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. आरोग्याकडचे डॉक्टर दिनकरराव स्वतः येतील, माणसं तपासतील आणि त्यांचा अभिप्राय येईल तसं सरकार करील.

श्रीपतरावांनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, "दाजी, आता सगळं त्या एका माणसावर आहे. तुम्ही काही करू नका. नुसतं खोकून दाखवा."

एवढी साधी गोष्ट. पण सुभानरावांना साधी गोष्ट सांगणं म्हणजे हत्तीला टाचणी देण्यासारखं होतं. ऐन तारुण्यात ते दरबारात बिनीला उभे राहिले होते. दसऱ्याच्या दरबारात नाकाच्या शेंड्यावर माशी बसली असता त्यांनी पापणी हलवली नव्हती. ही हकीकत ओळीतल्या पोराटोरांनाही पाठ होती. तिथे त्यांना एका म्हाताऱ्या जमादारानं खोकला गिळायची विद्या शिकवली होती. दाढेखाली लवंग, जीभ टाळूला, नजर जोड्याच्या टोकावर. धन्यापुढे शिंकायचं नाही, खोकायचं नाही आणि त्याच्या दिशेनं श्वास सोडायचा नाही. तलवारीला गंज चढला, घोडा गेला, पाग मोडली. ही विद्या मात्र सुभानरावांकडे शाबूत होती, आणि ती वापरायची संधी कित्येक वर्षांत आली नव्हती.

त्यांनी ओट्यावर बैठक बोलावली.

"साहेब पहिल्यांदा आपल्या ओळीत येतायत. सडासंमार्जन झालं पाहिजे. अत्तर-गुलाब झालं पाहिजे. धूप प्रत्येक दारात. आणि कोणी खोकायचं नाही."

"सुभानराव," धनाजीराव म्हणाले, "अहो, खोकल्यासाठीच येतायत ना ते?"

"म्हणून काय तोंडावर खोकणार? धनाजीराव, तुमचे वडील पागेत होते की कांद्याच्या वखारीत?"

"मग त्यांना कळणार कसं?"

"डॉक्टरांना नळी असते," सुभानराव म्हणाले. "ती छातीला लावली की आत काय आहे ते सगळं कळतं. आपण वरून बोंबलायचं कारणच नाही. इज्जतही राहते आणि कामही होतं."

हे सगळ्यांना पटलं. विलायती नळीवर त्या काळी लोकांचा फार विश्वास, आणि इज्जतीवर त्याहून जास्त. येसूबाई तेवढ्या म्हणाल्या, "सुभाना, लवंगा तुझ्या घरून आण मग. महाग झाल्यात."

आतून रखमाबाईंचा आवाज आला. "आणि माझं काय? मी पुढे येऊ का साहेबांच्या?"

सुभानरावांना धक्काच बसला. "शिलेदाराची बायको परक्या पुरुषापुढे येणार? तू आतल्या खोलीत बस, दार लावून. तुझं मी सांगेन ना."

"काय सांगाल?"

"सांगेन, घरात तब्येत जरा नरम असते म्हणून."

"जरा," रखमाबाई म्हणाल्या. पुढे त्यांना आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण तेवढा श्वास शिल्लक नव्हता.

ठरलेल्या दिवशी दुपार कलली आणि डॉक्टर दिनकररावांची घोडागाडी आली. माणूस मध्यम वयाचा, चष्मेवाला, मोजकं बोलणारा. त्यांनी मुद्दाम संध्याकाळची वेळ घेतली होती, म्हणजे वारा असेल. वाराही होता, भरपूर. माळावर चक्री फिरत होती आणि उन्हात तिचे तुषार चमकत होते. अर्जदाराच्या बाजूनं त्या दिवशी देवानं काही कमी ठेवलं नव्हतं. बाकीचं सगळं अर्जदारांनी केलं.

गाडीतून पाय खाली ठेवताच डॉक्टरांच्या अंगावर गुलाबपाणी उडालं. मनगटाला हिना लागला. गळ्यात हार पडला. ओट्यावर गालिचा, चारी बाजूंना उदबत्त्यांचे झुबके, दारोदार धुपाटणी. ओळीतली पुरुषमाणसं पगड्या बांधून एका रेषेत उभी होती आणि सगळ्यांच्या नजरा आपापल्या जोड्याच्या टोकावर होत्या.

डॉक्टरांनी हवा हुंगली. हिना. पुन्हा हुंगली. धूप.

"वास फार येतो असं ऐकलं होतं," ते म्हणाले.

"येतो, साहेब," सुभानराव म्हणाले. "आज आपल्यासाठी बंदोबस्त केलाय."

"अस्सं. आणि खोकला? अर्जात सगळ्यांना खोकला लिहिलाय."

"आपल्या कृपेनं सगळे ठीक आहेत, साहेब."

हे वाक्य सुभानरावांनी उच्चारलं नाही, ते आपलं आपण बाहेर आलं. वडीलधाऱ्यानं विचारलं, कसं काय, की हेच म्हणायचं, ही जिभेची जुनी नोकरी होती. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि धनाजीरावांना पुढे बोलावलं. नळी छातीला लावली.

"श्वास घ्या."

धनाजीरावांनी नाकातून इवलासा श्वास घेतला, देवळातला प्रसाद घ्यावा तसा.

"मोठा घ्या. आणि सोडा."

"आपल्या तोंडासमोर, साहेब?"

"हो, माझ्याच तोंडासमोर."

धनाजीरावांनी मान पूर्ण मागे वळवली आणि भिंतीच्या दिशेनं जेमतेम श्वास सोडला. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली. आत सामसूम.

"नळीला श्वास लागतो हो," ते म्हणाले. "माणसानं श्वासच घेतला नाही तर ती बिचारी काय सांगणार?"

धनाजीराव अदबीनं हसले. हसताना दाढेखालची लवंग कडकन फुटली, डोळ्यांत पाणी आलं, पण गडी खोकला नाही. दुसरा आला, तिसरा आला. सगळ्यांनी तोच मान राखला. डॉक्टरांचा धीर सुटत चालला तशी त्यांनी नळी गुंडाळून खिशात टाकली.

"घरातल्या बायकांचं काय? अर्जात एका बाईंच्या दम्याचं आहे."

सुभानराव तयार होते. तब्येत जरा नरम असते, हे शब्द त्यांनी सकाळपासून घोकले होते. पण एवढ्या माणसांत, गळ्यात हार घातलेल्या साहेबांनी, थेट त्यांच्या कुटुंबाची चौकशी केली, आणि सुभानरावांचे कान तापले.

"मजेत आहे, साहेब," ते म्हणाले.

म्हणाले, आणि त्यांना कुठे तरी खटकलं. पण शब्द गेला तो गेला. तोवर विड्याचं तबक आलं होतं. डॉक्टरांनी विडा घेतला आणि उठले. "सुभानराव, तुमची ओळ ठणठणीत दिसते. आनंद आहे. वासाचं मी लिहीन. छातीचं लिहायला मला काही सापडलं नाही."

गाडी हलली. ओळ अजून रेषेत उभी होती. "एक माणूस खोकला नाही!" धनाजीराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "दरबारात काय असा मान राहील!" सुभानरावांची छाती फुगली. साहेब काय म्हणून गेले ते त्यांच्या कानात शिरलं होतं, डोक्यात अजून उतरायचं होतं. कौतुक सांगायला ते आत गेले आणि त्यांनी आतल्या खोलीचं दार लोटलं.

रखमाबाई कोपऱ्यात गुडघ्यांवर बसल्या होत्या. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला, दोन्ही हातांनी दाबून धरलेला. चेहरा जांभळा, कपाळावरच्या शिरा तट्ट. धूप दाराच्या फटीतून आत येऊन छताखाली साचला होता. नवऱ्याला बघून त्यांनी बोळा काढला आणि आधी डोळ्यांनीच विचारलं, गेले का? सुभानरावांनी मान हलवली. मग त्या खोकू लागल्या, आणि तो खोकला बाहेर येईना. खांदे वर गेले ते खाली येईनात. श्वास आत जात होता तो एवढासा, धनाजीरावांनी घेतला होता तेवढा. धनाजीरावांनी तो अदबीनं घेतला होता; इथे दुसरा मिळत नव्हता.

सुभानरावांच्या डोक्यात ते वाक्य आता उतरलं. छातीचं लिहायला मला काही सापडलं नाही.

ते बाहेर धावले. गाडी कडुनिंबाच्या वळणाला लागली होती. "डॉक्टरसाहेब!" म्हणून हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, छाती भरून हवा घेतली, आणि इतक्या वर्षांत गिळलेला सगळा खोकला एकदम वर आला. हाक राहिली बाजूला. ओट्याचा खांब धरून, पगडी तिरपी होईपर्यंत, सुभानराव पांढरे उभ्या ओळीसमोर खोकले.

जांभई आणि खोकला यांना एकट्यानं राहवत नाही. धनाजीरावांचा बांध फुटला. मग पलीकडच्याचा. लवंगा थुंकल्या गेल्या, पगड्या काढल्या गेल्या; कोणी पायरीवर बसून, कोणी भिंतीला डोकं टेकून, आतून बायका, माळ्यावरून येसूबाई, अशी ती ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खोकली. एवढ्या मोठ्यानं, की घोडं बुजलं.

गाडीवानानं लगाम ओढून मागे पाहिलं. "साहेब, आखी लाइन उधरस खाय छे!"

डॉक्टर उतरून चालतच परत आले. सुभानरावांना बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसतं आतल्या दाराकडे बोट दाखवलं. आत जायला परक्या पुरुषाला या घरात कधी कोणी बोट दाखवलं नव्हतं.

रखमाबाईंनी त्याही स्थितीत पदर ओढला आणि बोळा परत तोंडाशी नेला.

"बाई, तो काढा आधी," डॉक्टर म्हणाले.

"साहेबांसमोर..." एवढंच त्यांना म्हणता आलं.

"माझी परवानगी आहे."

डॉक्टरांनी धुपाटणं बाहेर फेकायला लावलं, पूर्वेची खिडकी उघडली, रखमाबाईंना पुढे वाकवून उशीवर टेकवलं आणि पेटीतून सुई काढून टोचली. मग नळी लावली. या वेळी नळीला पुष्कळ काही सापडलं. बराच वेळ ऐकून ते उठले आणि सुभानरावांकडे वळले.

"मघाशी मजेत होत्या ना?"

सुभानरावांच्या दाढेखाली लवंग अजून होती. त्यांनी ती काढून खिडकीबाहेर टाकली.

धाप थोडी उतरल्यावर डॉक्टरांनी रखमाबाईंना आपल्याच गाडीतून दांडिया बाजारात भावाकडे पाठवलं. गाडीला चादरीचे पडदे लावायचं मात्र सुभानराव विसरले नाहीत. गाडी परत येईपर्यंत डॉक्टर ओट्यावर बसले. हार काढला, उदबत्त्या विझवायला सांगितल्या. "आता एकेकानं या आणि माझ्या तोंडावर खोका."

लोक आधी लाजले. मग रांग लागली, आणि एकदा लाज गेल्यावर चढाओढ लागली. येसूबाई दोनदा येऊन गेल्या. पहिल्या खेपेला मनासारखा झाला नाही म्हणाल्या. पश्चिमेचा वारा सरळ अंगावर येत होता. चष्म्यावर बारीक ठिपके पडत होते आणि डॉक्टर ते पुसून पुढच्या माणसाला नळी लावत होते. दिवे लागायच्या सुमारास त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंडावर धरला आणि स्वतः खोकले. पुन्हा खोकले.

सुभानराव अदबीनं पुढे झाले. "लवंग देऊ, साहेब?"

डॉक्टर हसले, आणि हसण्याचाही खोकला झाला.

अभिप्राय गेला. सरकारी कागदाला पाय असतात, पण तो पावसाळ्यात चालत नाही. आधी फक्त एवढं झालं की संध्याकाळी चक्री बंद राहू लागली, पंपावरच्या माणसाला आठवण राहील त्या दिवशी. जागेचा हुकूम पुढे दसऱ्याच्या सुमारास निघाला. तोवर रखमाबाई भावाकडे राहिल्या. जिने चढत होत्या, उतरत होत्या, आणि बिनसाखरेचा चहा पीत होत्या. सुभानराव ओळीत एकटे राहत आणि दर दोन दिवसांनी दांडिया बाजारात जाऊन मेहुण्याच्या पाटावर अवघडून बसत.

"जागा घ्याल तेव्हा," रखमाबाईंनी त्यांना आतून सांगितलं, "दार पूर्वेला, देवघर ईशान्येला, ते सगळं नंतर. आधी वारा विचारा."

नव्या जागा दाखवायला कारकून आला तेव्हा सुभानराव पगडी बांधून गेले आणि उदबत्तीचा पुडा घेऊन गेले. पहिली जागा कोपऱ्यावरची, रस्त्याला लागून, प्रशस्त. धनाजीरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. सुभानरावांनी मध्ये उभं राहून उदबत्ती पेटवली आणि धूर कुठून येतो, कुठे जातो ते बघत राहिले.

"पूजा करताय की काय?" कारकुनानं विचारलं.

"वाऱ्याची."

हौदांकडून येणाऱ्या वाऱ्यानं धूर त्यांच्या छातीवर आला. त्यांनी ती जागा नाकारली. दुसरी नाकारली. तिसऱ्या जागेवर उजवीकडे आंबराई, डावीकडे कोणाची तरी उंच भिंत, आणि लांबी-रुंदी इतकी बेताची की ओट्यावर दोन पाट जेमतेम मावतील. तिथे उदबत्तीचा धूर सरळ वर गेला.

"इथे हवा खायला कोणी येणार नाही, सुभानराव," धनाजीराव म्हणाले.

"न येवो. चहा वाचेल."

घर उभं राहिलं. रखमाबाई आल्या, उंबऱ्यावर माप ओलांडावं तशा जपून आत आल्या आणि ओट्यावर येऊन बसल्या. समोर आंब्याचं पानसुद्धा हलत नव्हतं. उकाडा होता. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि सोडला.

"वारा मुळीच नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"बरं आहे."

मग त्या खोकल्या. एकदाच. सुभानराव ताडकन उठून उभे राहिले, तर त्यांनी हातानंच बसा म्हटलं. "काही नाही. भिंतीचा चुना उडतोय अजून." आणि सवयीनं पदर तोंडाशी नेला.

सुभानरावांनी तो हातानं खाली केला.

"खोक," ते म्हणाले. "कोण साहेब बसलाय इथं?"